पागोट्याचं दुसरं टोक

किल्ल्यावर बटाटे नेले म्हणून माझी एकदा पदावरून उचलबांगडी झाली.

त्याआधी मी कारखानीस होतो, म्हणजे गडाच्या कोठाराचा मुख्य. ऐकायला भारदस्त वाटतं. आमचं कोठार म्हणजे रामशेजच्या पायथ्याला, आशेवाडीच्या अलीकडे, एका द्राक्षबागायतदाराच्या शेतातली पत्र्याची खोली. आतला माल म्हणजे बाजरीचं पीठ, हुलगे, गूळ, कांदे आणि तेलाची बरणी. महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी आम्ही पाच-सहा पन्नाशी ओलांडलेली माणसं तिथे जमतो आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या गडकऱ्यांसारखं राहतो. अंगरखे हातशिलाईचे, जोडे करून घेतलेले, चूल तीन दगडांची. विस्तव चकमकीने पाडायचा, आणि तो पडेपर्यंत चहाची आठवण काढायची नाही, कारण चहाही तेव्हा नव्हता. खोलीच्या पत्र्याकडे मात्र कुणी बघायचं नाही असं ठरलेलं आहे.

पुस्तकात वाचलेला इतिहास अंगाला लावून बघायचा, हा आमच्या प्रमुखांचा आग्रह. प्रमुख म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. तेव्हा गडाच्या मुख्य अधिकाऱ्याला हवालदार म्हणत, म्हणून आम्ही त्यांना हवालदार म्हणतो. त्यांचा नियम एकच: जे तेव्हा नव्हतं ते इथे नको.

तर बटाटे. हवालदारांनी टोपलीत हात घातला, एक बटाटा उचलून उजेडात धरला आणि विचारलं, "हा इथे कसा आला?"

"भाजीवालीकडून," मी म्हणालो.

"मी रस्ता नाही, शतक विचारतोय."

त्याच दुपारी माझं कारखानीसपद काढून एका औषधांच्या दुकानदाराला दिलं गेलं. तो अजून कांदेसुद्धा गोळ्यांसारखे मोजून देतो आणि जेवणाआधी की जेवणानंतर ते विचारतो. मी झालो पहारेकरी. गडावर याच्या खाली पद नाही, नाहीतर मी तिथेही पोचलो असतो.

पहारेकऱ्याला दिसावं लागतं, एवढीच अपेक्षा असते. माझ्या चष्म्याचा नंबर असा आहे की चष्मा काढला की मला समोरचा माणूस आणि खांब यातला फरक बोलल्यावरच कळतो. मी हवालदारांशी खूप वाद घातला. चष्मा तेव्हा होता, फिरंग्यांकडे होता, असं पुरावे देऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही फिरंगी आहात का?"

मग चष्मा खाली खोलीत आणि मी वर दरवाज्यात, हातात भाला. पहिल्याच दिवशी पायऱ्यांवरून काहीतरी हिरवं वर येताना दिसलं. मी छाती फुगवून ओरडलो, "कोण आहे? नाव सांगा, गाव सांगा, परवलीचा शब्द सांगा!"

हिरवं तसंच वर आलं. जवळ आल्यावर त्याची एक म्हातारी झाली, हातात पूजेची पिशवी.

"आरं बाबा, मी दर शनवारी रामाला येती," ती दम खात म्हणाली. "तू कोन नवा? चपला सांभाळायला ठिवलाय व्हय?" आणि माझ्या पायाशी चपला काढून ती वरच्या राममंदिराकडे निघून गेली.

मी सांभाळल्या. पाऊण तास भाला घेऊन त्या चपलांवर पहारा दिला. आपल्या हातून गडाची झालेली ती एकमेव सेवा.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बायको इतकी हसली की हातातली पळी आमटीत गेली. "एखादी हरवली नाही ना?" एवढंच तिने विचारलं.

माझ्या या नादाबद्दल तिचं मत सुरुवातीपासून स्पष्ट होतं. माणसाने या वयात गुडघे जपावेत. शिबिराला मात्र ती कधी आली नाही. मी म्हणायचो, "एकदा चल तरी."

"तिथे येऊन मी काय करू? तुमच्या त्या काळात बायकांना काम काय असायचं?"

"जे आत्ता असतं तेच."

"मग इथेच बरी आहे. इथे गॅस आहे."

पण माझं पागोटं तिच्याशिवाय व्हायचं नाही. हे जरा समजावून सांगायला हवं. लग्नात बांधतात तो फेटा हवालदारांना चालत नाही. तो नंतरचा, म्हणतात. आम्हाला पागोटं लागतं. लांबच लांब, अरुंद सुती कापड. एका टोकापासून त्याला पीळ द्यायचा आणि तो पीळ सुटू न देता डोक्याभोवती फेरे घ्यायचे. हे एकट्याचं काम नाही. दुसरं टोक कुणीतरी ताणून धरावं लागतं. ताण कमी पडला तर पागोटं उशीसारखं दिसतं आणि जास्त झाला तर दुपारपर्यंत डोकं ठणकतं. आणि जसजसे फेरे होत जातात तसतसं ते टोक धरणाऱ्याने पुढे पुढे यायचं असतं.

आमचं घर गंगापूर रोडला, दोन खोल्या आणि मधला बोळ. शिबिराच्या शनिवारी सकाळी मी झोपायच्या खोलीच्या खिडकीशी उभा राहायचो आणि ती बोळाच्या त्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दारात. कापड इतकं लांब की ते त्या बोळातही मावायचं नाही, उरलेलं ती कोपराभोवती गुंडाळून धरायची. एक डोळा माझ्याकडे, एक शेगडीवर. "भरभर फिरवा हो, दूध वर येतंय." मी एक फेरा घेतला की ती एक पाऊल पुढे. बाथरूमचं दार, मग दिवाणाचा कोपरा, मग कपाट. शेवटी ती अगदी समोर यायची. टोक आत खोचायची, वरून एक चापटी मारायची आणि म्हणायची, "जा आता. मोगल खोळंबलेत."

कापडसुद्धा तिचंच. तिची जुनी मोतिया रंगाची सुती साडी, जी ती गोधडीसाठी ठेवून बसली होती. मी ती उभी फाडून जोडून घेतली. हवालदारांनी विचारलं, "हातमागाची आहे ना?" मी म्हणालो, "अस्सल." पुढे एका शिबिरात सगळ्यांचा फोटो काढला. फोटोत मी मधोमध, मिशीला पीळ, चेहऱ्यावर करारीपणा, आणि बरोबर कपाळाच्या वर, निळ्या शाईत, गिरणीचा गोल शिक्का. हवालदार त्या फोटोकडे बराच वेळ बघत होते. घरी बायको म्हणाली, "शिक्का मला दिसला होता की. पण तुम्हाला शोभत होता."

मग आमच्या मुलीला बंगळुरूत जुळ्या मुली झाल्या.

बायको गेली ती थोड्या महिन्यांसाठी. पोरी मान धरू लागल्या की येते, म्हणाली. पोरींनी मान धरली. मग म्हणाली, बसायला लागल्या की. त्या बसल्या. मग चालायला लागल्या, आणि दोघी दोन दिशांना चालायला लागल्यावर तर ते एकट्या आईचं काम उरलं नाही. शेवटी ठरलं, पोरी शाळेत जायला लागल्या की ती येणार. माझी नोकरी सरकारी, अजून काही वर्षं बाकी. दिवाळीत मी जायचो, उन्हाळ्यात जायचो, आणि परत येऊन बोळातला दिवा लावायचो.

एकट्याला स्वयंपाक जमला. कपडे जमले. पागोटं जमेना.

पहिल्यांदा मी टोक फ्रिजच्या मुठीला बांधलं. तिसऱ्या फेऱ्याला दार उघडलं आणि दह्याचं पातेलं माझ्या दिशेने निघालं. मग दाराच्या कडीला बांधलं. ती कडी मी ओढण्याआधीच सैल होती, असं मी अजून म्हणतो. शेवटी खिडकीच्या गजांना बांधलं. गज मजबूत निघाले. ताणही छान आला. पण फेरा घेतला की मलाच पुढे सरकावं लागायचं. असं करत करत मी घरातून चालत खिडकीशी पोचायचो आणि शेवटच्या फेऱ्याला माझं नाक गजांना लागलेलं असायचं. समोरच्या इमारतीतल्या बाई कपडे वाळत घालता घालता थांबून बघत राहायच्या. त्यांनी एकदा बायकोला फोन करून विचारलं म्हणे, "साहेबांची तब्येत बरी आहे ना?"

त्यावर तिने उपाय काढला. फोनवर समोरासमोर दिसतं तसं बोलत ती मला तिकडून सूचना देणार. मी फोन फ्रिजवर उभा केला. "डावा हात वर. नाही हो, तुमचा डावा. पीळ सुटतोय, पीळ सुटतोय!" तेवढ्यात दोन चिमुकले हात पडद्यावर आले, फोन पळवला गेला, आणि मला बंगळुरूच्या घराचं छत, पंखा आणि एक दुधाची बाटली एवढंच दिसत राहिलं. लांबून तिचा आवाज येत होता, "अगं, आजोबांना खाली पाडलंस." मी डोक्याला अर्धं पागोटं आणि गजाला अर्धं पागोटं अशा अवस्थेत तो पंखा बघत उभा होतो. फोन बंद करवेना.

त्या पावसाळ्याच्या शेवटी हवालदारांनी तोफेचा विषय काढला.

रामशेजची गोष्ट इकडच्या प्रत्येकाला ठाऊक असते. मोगलांच्या मोठ्या फौजेने गडाला वेढा घातला, आणि मूठभर माणसांनी तो गड वर्षानुवर्षं लढवला. गडावर धातूच्या तोफा नव्हत्या. तेव्हा त्यांनी म्हणे लाकडाच्या तोफा केल्या, वरून कातडं मढवलं आणि डागल्या. हे शक्य आहे का? हवालदार म्हणाले, "वाद घालण्यापेक्षा करून बघू."

रात्री मी बायकोला हे सांगितलं. जूनमध्ये पोरी शाळेत जाऊ लागल्या होत्या, पण ती येण्याचं काही बोलत नव्हती आणि मी विचारत नव्हतो. विचारलं की उत्तर येतं.

"उडणार आहे का खरंच?" तिने विचारलं.

"उडेल की."

"आणि तुम्ही कुठे उभे राहणार?"

"तोफेजवळ."

मग म्हणाली, "मग मी येते. तुम्हाला एकट्याला तिथे उभं करायला नको."

त्या दिवसापासून तोफ माझी झाली. इतरांना इतिहासाची लागली होती तेवढीच ओढ मलाही लागली आहे असं त्यांना वाटलं, आणि मी तसं वाटू दिलं. खरं म्हणजे माझ्या मनात सगळं ठरून गेलं होतं. ती तोफेला येणार, घर बघणार, आणि राहणार. मी माळ्यावरची धूळ काढली. तिच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या पुन्हा चिकटवल्या. जिथे मी साखरेच्या डब्यात मीठ भरलं होतं तिथे साखर भरली.

शेतकऱ्याने बांधावरची वाळलेली बाभूळ दिली. ती उभी चिरून, दोन्ही भाग आतून कोरून, पुन्हा जोडून दोराने आवळायचं, आणि वरून ओलं कच्चं कातडं शिवायचं. कातडं वाळताना आकसतं आणि लाकडाला घट्ट धरतं. ते ढोल मढवणाऱ्याकडून मिळालं आणि आणायचं काम माझ्याकडे आलं. मी ते स्कूटरच्या पुढ्यात ठेवून निघालो. पेठ नाक्याच्या सिग्नलला एरवी मुंगी शिरायला जागा नसते. त्या दिवशी माझ्याभोवती आपोआप मोकळं मैदान तयार झालं.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात तोफ मढवून झाली. हवालदारांनी बजावून सांगितलं होतं: कातडं सावलीत, खोलीच्या आत, सावकाश वाळू द्या. पण तिचं विमान शुक्रवारी होतं. शनिवारी तोफ उडाली पाहिजे होती. आणि आत ठेवलेलं कातडं काही केल्या वाळेना. बोट लावलं की थंडगार. गुरुवारी संध्याकाळी मी कचेरीतून परस्पर शेतावर गेलो, शेतकऱ्याला हाताशी घेतलं आणि तोफ बाहेर शेततळ्याच्या बांधावर नेऊन ठेवली. तिथे वारा चांगला लागतो. सकाळपर्यंत खडखडीत होईल, असा माझा हिशेब.

शुक्रवारी सकाळी शेतकऱ्याचा फोन आला. "साहेब, तुमची तोफ खाल्ली."

"काय?"

"खाल्ली. कातडं समदं. नाय म्हणायला दोर ठिवलाय."

"कोणी?"

"कुत्र्यांनी. आमची दोन आन् वस्तीवरची चार. लय खुशीत हायेत, झोपल्यात."

ओझरच्या विमानतळावर मी हेच तोंड घेऊन उभा होतो. ती बाहेर आली. आधी मी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या बॅगेकडे. बॅग छोटी होती. कपडे तर इथे आहेतच की, असं मी स्वतःला समजावलं. गाडीत बसल्यावर कुत्र्यांची गोष्ट सांगितली, तर ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. गाडीवाल्याने आरसा वळवून बघितलं.

"एवढ्या मोगल फौजेला जे जमलं नाही..." ती म्हणाली आणि पुन्हा हसली. तेवढ्या रस्त्यात मला त्या कुत्र्यांबद्दल कृतज्ञता वाटली. किती दिवसांनी ते हसणं फोनमधून न येता शेजारच्या सीटवरून येत होतं.

हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता पहारेकरीपदही जाणार. ते फक्त म्हणाले, "बिनकातड्याची डागू. काय होतं ते तरी कळेल."

शनिवारी सकाळी ती शेतावर आली. तिथल्या सगळ्यांनी "या वहिनी" म्हणून जागा दिली. औषधवाल्याने तिला विचारून दोन कांदे जास्त दिले, जे त्याने मला जन्मात दिले नव्हते. मी पिशवीतून कापड काढलं. ती म्हणाली, "आणा इकडे."

द्राक्षबागेच्या दोन ओळींमधल्या वाटेवर मी उभा राहिलो. ती टोक धरून मागे मागे गेली. घरात बोळ संपायचा. इथे वाट संपत नव्हती. कापड पहिल्यांदाच पुरतं उलगडलं. ती इतकी लांब गेली की चष्म्याशिवाय मला तिची नुसती निळी साडी दिसत होती, आणि हातात आलेला ताण. तो ताण मी डोळे बांधून ओळखला असता.

फेरे सुरू झाले. निळा रंग हळूहळू पुढे येऊ लागला. मग हात दिसले. मग चेहरा. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "अहो, ऐका."

"हं."

"मान हलवू नका. मी बुधवारी परत जातेय."

मी एक फेरा घेतला. "पोरी शाळेत जातात ना आता?"

"जातात. पण साडेअकराला सुटतात."

"मग पुढच्या जूनला?"

"माहीत नाही." ती एक पाऊल पुढे आली. "खरं सांगू का? मला तिथे करमायला लागलंय. खालच्या बायकांबरोबर फिरायला जाते सकाळी. थोडं कन्नड येतं आता, भाजीवालीशी भांडण्यापुरतं. पोरी झोपताना माझा कान धरून झोपतात. तुम्हीच या ना."

"नोकरी आहे."

"नोकरी आणि तोफ."

हे बोलताना तिचा हात सैल पडला. पीळ सुटला, आणि झालेले सगळे फेरे घसरून माझ्या डोळ्यांवर आले. एरवी मी याला माझी फजिती म्हणालो असतो. त्या क्षणी मात्र ते कापड तिथेच असावं असं वाटलं. आत अंधार होता, आणि जुन्या साडीचा वास.

"अगंबाई, थांबा," तिचा आवाज आला. "पुन्हा बांधू."

तिने सगळं उलगडलं, टोक धरलं आणि पुन्हा मागे मागे गेली, पार निळा रंग होईपर्यंत. आणि पुन्हा एकेका फेऱ्याने पुढे आली. एकदा मनात आलं, की मुद्दाम पीळ चुकवावा. तिसऱ्यांदा जाईल, तिसऱ्यांदा येईल. पण हवालदार बघत होते. ती समोर आली, टोक खोचलं, चापटी मारली. मोगलांचं मात्र काही म्हणाली नाही. तिचा चेहरा मला चष्म्याशिवायही नीट दिसत होता, एवढी ती जवळ होती.

तोफ डागली. दारू म्हणजे दिवाळीत उरलेल्या सुतळी बॉम्बची, चिमूटभर. सगळे बांधाआड. आधी नुसतं फुस्स झालं आणि धूर निघाला. आम्ही एकमेकांकडे बघतोय तोवर कडाड असा आवाज होऊन बाभळीचे दोन तुकडे दोन बाजूंना झाले आणि एक शेततळ्यात जाऊन पडला. कुत्री भुंकत पळाली. शेतकरी उठून म्हणाला, "झालं का?" हवालदार मात्र खूश होते. फुटलेल्या लाकडावरून बोट फिरवत म्हणाले, "बघा. कातडं शोभेला नव्हतं. आतून जोर आला की धरून ठेवायला होतं." मी मान वर केली नाही.

दुपारी ती गडावर आली. दमत, थांबत. माझी पहाऱ्याची जागा बघितली. "इथे उभे राहता होय? काय दिसतं?"

"चष्म्याशिवाय? काही नाही."

"मग कशाला राहता?"

"कुणी आलं तर."

ती पायरीवर बसली. समोर भोरगड होता, म्हणजे असणार. मग तिने चपला काढल्या, माझ्या पायाशी ठेवल्या आणि मंदिराकडे जाताना वळून म्हणाली, "सांभाळा हं."

बुधवारी ती गेली.

पुढच्या शिबिराला जायचं माझ्या मनात नव्हतं. मी आजवर या सगळ्यातून शिकलो काय, असा विचार करत बसलो होतो. तलवार मला धरता येत नाही. भाकरी थापता येत नाही. एकच कळलंय, गड लढवणं म्हणजे रोज लढाई नसते. बहुतेक वेळ खालच्या वाटेकडे बघत बसणं असतं. त्या माणसांची घरं इथेच खाली कुठे कुठे असतील, दिसण्याइतकी जवळ, आणि जाता येत नसेल. मी हवालदारांना फोन करून विचारलं, "वेढ्यात अडकलेल्यांच्या पागोट्याचं दुसरं टोक कोण धरत असेल हो?"

बारीकसारीक प्रश्न त्यांना आवडतात. थोडा विचार करून म्हणाले, "एकमेकांचं धरत असतील. आणखी कोण?" आणि मग, "शनिवारी या. कापड घेऊन या."

गेलो. त्याच वाटेवर मी उभा राहिलो. हवालदार टोक घेऊन मागे गेले. ते चित्रकलेचे शिक्षक, त्यामुळे ताण अगदी सरळ रेषेत. मी फेरे घेऊ लागलो. एकेक पाऊल टाकत ते पुढे येत होते, गंभीरपणे, ध्वजवंदनाला यावं तसे. मी डोळे मिटून घेतले. तेवढं करायची मला परवानगी असावी. तीन-चार फेरे छान गेले. मग तपकिरीचा वास आला, मागोमाग हवालदारांची शिंक, आणि डोळे उघडावे लागले.

त्यांनी टोक खोचलं. खोचल्यावर ते बाजूला होईनात. घसा साफ केला. हात वर नेला, संकोचून खाली आणला, पुन्हा वर नेला आणि माझ्या पागोट्यावर हलकी चापटी मारली.

"जा आता," ते शाळेत हजेरी घेतल्यासारखे म्हणाले. "मोगल खोळंबलेत."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"वहिनींचा फोन होता," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "असंच म्हणायचं म्हणून बजावलंय. आणि शिक्का मागच्या बाजूला जाऊ द्या, म्हणाल्या. गेलाय का, तपासून घ्या."

मी वर गेलो. चष्मा खाली खोलीत होता. दरवाज्यात भाला टेकवून उभा राहिलो. थंडी होती, वारा दिंडोरीच्या बाजूने येत होता, आणि पागोटं पक्कं बसलं होतं. उन्हं जरा वर आल्यावर खालच्या पायऱ्यांवर काहीतरी हललं. निळं होतं. सावकाश, दम खात, थांबत वर येत होतं.

आरोळी ठोकायची, नाव-गाव विचारायचं, हे माझं काम. मी विचारलं नाही. जवळ आल्यावर ती कोण निघेल ते मला ठाऊक होतं. शनिवार होता आणि रामाला यायची वेळ झाली होती. पण अजून बऱ्याच पायऱ्या बाकी होत्या.